चोविसाव्या फेरीचं सील

एतिएननं गाडी शर्यतीच्या रस्त्यावरून आत पिटमध्ये, दुरुस्तीच्या जागेत, आणली तेव्हा दुपारचे एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ओर्तांसनं आधी घड्याळ पाहिलं, वहीत वेळ लिहिली आणि मगच मान वर करून वाफेकडे पाहिलं. घराला आग लागली तरी ही बाई आधी किती वाजता लागली ते लिहून ठेवील, असं तिचा भाऊ गास्पार म्हणायचा, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

वाफ मात्र बघण्यासारखीच होती. तेर्नो कंपनीची छोटी निळी गाडी बोनेटच्या फटीफटींतून चुलीवरच्या पातेल्यासारखी फसफसत होती. काल दुपारी चारला सुटल्यापासून ती बिनतक्रार पळली होती, दांडग्या दांडग्या गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत अकराव्या जागेवर येऊन बसली होती, आणि आता शर्यतीचे चोवीस तास भरायला दोन तास वीस मिनिटं उरली असताना तिनं मान टाकली होती.

एतिएन कसाबसा बाहेर आला. गास्पारचा हा मुलगा आणि ओर्तांसची मुलगी सोलांज कालपासून आळीपाळीनं गाडी चालवत होते. त्याचे डोळे धुळीनं इतके लाल झाले होते की तो रडतोय की काय असं वाटावं.

"आत्या, म्युल्सानच्या वळणावरच काटा लालमध्ये गेला," तो म्हणाला. "तिथून नुसती रांगत आणलीय."

बोर्दिए मेस्त्रींनी बोनेट उघडलं, नाक आत घातलं आणि वास घेतला. तीस वर्षं तेर्नोंकडे काढलेला हा माणूस डॉक्टरसारखा आधी गप्प बसायचा आणि मग एकदम वाईट बातमी सांगायचा.

"हेड गॅस्केट गेलं. पाणी इंजिनात उतरतंय. रेडिएटरमध्ये असेल-नसेल दोन बाटल्या."

"मग भरा की!"

हा आवाज मागच्या वेताच्या खुर्चीतून आला. अन्सेल्म तेर्नो, ओर्तांस आणि गास्पारचे वडील, वय चौऱ्याहत्तर, अंगात जूनच्या उन्हातही काळा कोट. कंपनी त्यांनी सायकलीच्या दुकानातून उभी केली होती, आणि अजूनही सगळ्या गाड्या आपल्याच सायकली आहेत अशा थाटात ते हुकूम सोडायचे.

कोणी हललं नाही. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या मस्यू पिशावांकडे गेल्या. पिशावांचं गावात औषधांचं दुकान होतं, पण वर्षातले दोन दिवस ते दंडाला पट्टी बांधून शर्यतीचे पंच व्हायचे, आणि मग त्यांच्यापुढे देवाचंही काही चालायचं नाही. पाणी, तेल, पेट्रोल एकदा भरलं की टोपणाला ते तारेनं शिशाचं सील ठोकत. पुढच्या पंचवीस फेऱ्या पुऱ्या होईपर्यंत ते सील तोडायचं नाही. तोडलं की गाडी बाद.

"मादाम ओर्तांस, शेवटचं पाणी घेतल्यापासून किती झाल्या?" पिशावांनी मांडीवरचा पाव बाजूला ठेवत विचारलं.

"बारा."

"माझ्याकडेही बाराच. म्हणजे अजून तेरा हव्यात."

तेरा सोडा, गाडी आणखी दोन फेऱ्यासुद्धा काढू शकणार नव्हती. बोर्दिए मेस्त्री टोपी काढून डोकं खाजवू लागले.

गास्पारनं वडिलांच्या छातीकडे पाहिलं. कोटाच्या आतल्या खिशात वडिलांचं सोनेरी टोपणाचं पेन होतं. गुरुवारी जेवताना, कोंबडीचा दुसरा तुकडा वाढून घेता घेता वडिलांनी जाहीर केलं होतं : गाडीनं चोवीस तास पुरे करून रेघ ओलांडली, तर पेन खिशातच राहील. नाही ओलांडली, तर रविवारी साडेचारला पॅरिसच्या मस्यू लॉर्मियरपुढे सही करून टाकीन. कारखाना, नाव, साचे, सगळं. लॉर्मियर ज्या कंपनीचे होते ती वर्षाकाठी जितक्या गाड्या काढायची, तितके स्क्रू तेर्नोंकडे नव्हते.

"संपलं मग," गास्पार म्हणाला. आवाजात आनंद नव्हता. पण एक मोठं ओझं उतरल्यासारखी सुटका होती, आणि ती ओर्तांसला बरोबर ऐकू आली.

"काही संपलेलं नाही," ती म्हणाली आणि वहीचं पान उलटलं. "नियम सांगतो, चार वाजल्यानंतर रेघ ओलांडायची, गाडीच्या स्वतःच्या बळावर, आणि शेवटची फेरी पिटमधून निघाल्यापासून अर्ध्या तासात पुरी करायची. आपल्या फेऱ्या पुरेशा झाल्यात. गाडी इथंच उभी करा. थंड होऊ दे. शेवटी एक फेरी मारू."

"दोन बाटल्या पाण्यावर? साडेतेरा किलोमीटर?"

"दोन बाटल्यांवर."

गास्पार हसला. "आणि वेळ कोण मोजणार? तू?"

ओर्तांसनं वही छातीशी धरली.

*

त्या टोमण्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, आणि गास्पारनं ती अठरा वर्षं पाठ करवून घेतली होती. चौतीस साली थोरला भाऊ रेमी गाडी चालवत होता. पंचविशीतली ओर्तांस पिटमध्ये फेऱ्या मोजत होती. चोविसाव्या फेरीलाच सील तुटलं, पाणी भरलं गेलं, आणि गाडी बाद झाली. एक फेरी! पोरगी मोजायला चुकली, असं वडिलांनी पंचांना सांगितलं आणि पंचांनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून दर नाताळला ताटं मांडायची वेळ आली की गास्पार ओरडायचा, "ओर्तांसला मोजायला सांगू नका रे, एक ताट कमी पडेल!" सगळे हसायचे. ओर्तांसही हसायची.

आता अडीच वाजले होते. समोरच्या स्टँडवर लोक छत्र्या उघडून डुलक्या काढत होते. मोठ्या गाड्या दर पाच-दहा मिनिटांनी सण्णकन जात, की टेबलावरचे पेले किणकिणत. तेर्नोंची गाडी बोनेट उघडं टाकून आजाऱ्यासारखी उभी होती.

गास्पार एका खोक्यावर बसून पावाला रियेत, चरबीत शिजवलेल्या मांसाचा लगदा, फासत होता आणि खात मात्र नव्हता. त्याला ही कंपनी कधी हवीच नव्हती. ती रेमीची होती. रेमी चाळीसच्या युद्धात गेला आणि कारखान्याच्या किल्ल्या गास्पारच्या हातात आल्या. त्या दिवसापासून तो सावधपणे जगत आला होता. एकशेचाळीस कामगार, त्यांची बायकापोरं. धाडस करायला रेमी होता, हिशेबी राहायला मी आहे, असं तो स्वतःला सांगायचा. या जानेवारीत त्यानं गाडीत ट्रकची बॅटरी बसवायचा हट्ट धरला तेव्हा पोरांनी त्याची भरपूर टर उडवली होती. चौदा किलो जास्त वजन! सोलांजनं तिचं नावच ठेवलं होतं 'मामांची ट्रंक'. मामा प्रवासाला निघालेत, सामान गाडीत आहे.

सोलांज आत्ता गाडीपाशी उकिडवी बसली होती. एतिएन तिच्या कानाशी काहीतरी कुजबुजत होता. गास्पारला ते ऐकू आलं.

"पिशावां डुलक्या घेतायत. तुझ्या केसातली पिन दे. तार सैल करायची, बाटली ओतायची, तार परत पिळायची. दोन मिनिटं."

सोलांजनं पिन काढली नाही. तिनं आजोबांकडे पाहिलं.

अन्सेल्म खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी पिशावांकडे पाहिलं. पंच खरोखरच हनुवटी छातीवर टेकून घोरत होते. मग म्हातारबुवा अगदी हळू आवाजात म्हणाले, "कर. पण लवकर."

गास्पारच्या हातातली सुरी थांबली. त्याच्या मनात काय आलं ते त्यानं पुढे कोणालाच सांगितलं नाही, पण ते आलं खरं : मी गप्प बसलो तर काय होईल? पोरं सील उघडतील. पिशावां औषधाच्या पुड्या बांधणारा माणूस आहे. पिळलेली तार त्याला दहा पावलांवरून कळेल. गाडी बाद होईल. साडेचारला पेन बाहेर येईल. मला बोटसुद्धा उचलावं लागणार नाही.

त्यानं तोंड उघडायच्या आत ओर्तांस उठली होती.

"खबरदार! एतिएन, हात मागे घे."

"आत्या, कोणाला कळणार नाही..."

"चौतीस साली पण कोणाला कळणार नव्हतं! बाद झालो की सांगाल, ओर्तांस मोजायला चुकली. माझं डोकं आहेच फुकटचं. आणखी एक खापर फोडा त्याच्यावर!"

"अगं, त्या वेळी तू चुकलीच होतीस," गास्पार म्हणाला. सवयीनं. त्याला ते म्हणायचं नव्हतं.

"मी चुकले नव्हते." ओर्तांसचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या वहीत चोवीस लिहिलंय. आजही आहे. तुम्ही सगळ्यांनी इतक्या वेळा सांगितलंत की घाईत मीच पंचवीस म्हणून ओरडले असेन, की मलाच ते खरं वाटायला लागलं. अठरा वर्षं मी दर शर्यतीला दोन पेन्सिली घेऊन बसते, गास्पार. एक तुटली तर म्हणून."

"तिनं बरोबर मोजलं होतं," अन्सेल्म म्हणाले.

एक मोठी गाडी समोरून गेली. पेले किणकिणले आणि थांबले.

"चोवीस झाल्यात, पपा, एक कमी आहे, असं ती मला स्पष्ट म्हणाली होती." म्हातारबुवा जमिनीकडे बघून बोलत होते. "इंजिन मरत होतं. आणखी एक फेरी नसती निघाली. मला वाटलं, पंचाचं लक्ष नाही. सील मीच तोडलं. पकडलो गेलो, आणि कंपनीच्या मालकानं जाणूनबुजून तोडलं असं झालं असतं तर आमच्यावर पाच वर्षं बंदी आली असती. पोरीची चूक म्हटली की नुसती एक गाडी बाद. म्हणून... म्हणून तसं सांगितलं."

ओर्तांस उभीच होती. तिनं फक्त एक प्रश्न विचारला.

"रेमीला माहीत होतं?"

"सांगणार होतो त्याला."

"नाही सांगितलंत."

"नाही."

"त्या दिवशी तो माझ्याशी बोलला नाही, पपा. घरी येईपर्यंत नाही. नंतर बोलला, माफ केलं म्हणाला. माफ!" ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "माझा भाऊ मला न केलेल्या चुकीची माफी देऊन गेला."

गास्पारला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. अठरा नाताळ. त्यानं मनात सगळी ताटं मोजली. हातातला पाव तसाच खोक्यावर ठेवून तो उठला आणि एतिएनच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेऊन त्यानं ती सरळ पिटबाहेरच्या धुळीत ओतली. पिशावां त्या आवाजानं दचकून जागे झाले.

"काय झालं?"

"काही नाही, मस्यू," गास्पार म्हणाला. "ऊन फार आहे. धूळ बसवत होतो." मग बहिणीकडे वळून, "ओर्तांस, किती वाजता सोडायची तिला? तू सांगशील तेव्हा."

ओर्तांसनं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि घड्याळ पाहिलं.

"पिटचा रस्ता तीन चाळीसला बंद करतात. साडेतीनला सोडली तर बरोबर चारला, ना सेकंद आधी ना नंतर, पोचावं लागेल. तीन अडतीसला सोडू. चार ते चार आठ, कधीही आली तरी चालेल."

"आणि दोन तास थंड पडलेलं इंजिन अडतीसला सुरूच झालं नाही तर? थोडं आधी सोडून..."

"लवकर करायची चूक या घरानं एकदा केलीय," ती म्हणाली.

गास्पारनं मान हलवली. अन्सेल्मनी काठी टेकत उठून सोलांजच्या खांद्यावर हात ठेवला. एकोणीसशे आठ साली रेडिएटर फुटलेली गाडी त्यांनी स्वतः साब्लेहून ल माँपर्यंत आणली होती. घरात ती गोष्ट सगळ्यांनी ऐकून ऐकून टाकून दिली होती. आज सोलांजनं ती पहिल्यांदा नीट ऐकली.

"इंजिन चालू, तीसपर्यंत मोजायचं, बंद. गाडी घरंगळू द्यायची. अगदी थांबायला आली की पुन्हा चालू. हावरटपणा करायचा नाही. एकतीस मोजलेस की मेली म्हणून समज."

"बरं, आजोबा."

"तीसच. तुझ्या आईसारखं मोज," ते म्हणाले, आणि मुलीकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही.

*

अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. बंद.

सोलांजला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. बावीस तास या गाडीत कोणाचाच श्वास ऐकू आला नव्हता. हुनोदियेरच्या लांबलचक सरळ रस्त्यावर ती चक्क शांततेत घरंगळत होती. दोन्ही बाजूला पाइनची झाडं, मध्येच एका कॅफेबाहेर पेला हातात धरून उभी असलेली माणसं. एरवी इथं माणसं म्हणजे नुसता एक रंगाचा पट्टा. आज तिला एका बाईच्या टोपीवरची चेरीसुद्धा दिसली.

मागून मोठ्या गाड्या येत, भोंगे वाजवत, तिला जवळजवळ रस्त्याबाहेर ढकलून पुढे जात. सोलांज उजवीकडचं गवत धरून चालली होती.

म्युल्सान. वळणावर इंजिन चालू. काटा लगेच वर चढला. तीसऐवजी बावीसलाच तिनं बंद केलं, कारण तळव्यांखाली पत्रा तापला होता. आजोबांनी एकतिसाला मनाई केली होती. बाविसाला केली नव्हती.

आर्नाजच्या वळणाजवळ गाडी अगदी पाऊल पाऊल टाकू लागली तशी कुंपणाला टेकलेली पाच-सहा माणसं एकदम खाली उतरली. त्यांच्यातला एक जाडा खाटीक, एप्रन तसाच अंगात, ओरडला, "ताई, ढकलू का?"

"हात लावाल तर बघा!" सोलांज किंचाळली. "कोणी हात लावला तर मी बाद होईन! मागे व्हा!"

"अरे, मागे व्हा, मागे व्हा!" तो खाटीकच आता दोन्ही हात पसरून इतरांना मागे रेटू लागला, जणू काही ढकलायची कल्पना त्या इतरांचीच होती. "दिसत नाही का, तिला एकटीला जायचंय! जा ताई, जा!"

ती जाता जाता हसली. बारा तासांत पहिल्यांदा.

शेवटच्या वळणातून ती बाहेर आली तेव्हा डाव्या मनगटावरच्या आईच्या घड्याळात तीन छप्पन्न झाले होते. लवकर आली होती. चार मिनिटं लवकर. आता रेघ ओलांडली तर पुन्हा अख्खी फेरी मारावी लागणार, आणि ते तर अशक्यच. तिनं गाडी रेघेच्या पन्नास-साठ पावलं अलीकडे कडेला घेतली आणि थांबवली. इंजिननं एक उसासा टाकला, बोनेटखालून शेवटची वाफ आली, आणि मग काही नाही.

तिथं ती एकटी नव्हती. आणखी तीन लंगड्या गाड्या चारच्या ठोक्याची वाट पाहत उभ्या होत्या. शेजारच्या हिरव्या गाडीतला इंग्रज संत्रं सोलत होता. त्यानं तिच्याकडे बघून एक फोड पुढे केली. सोलांजनं ती घेतली. आईनं पाहिलं असतं तर किती वाजता घेतली ते लिहिलं असतं, असं तिच्या मनात आलं.

समोरच्या पिटच्या कट्ट्यावर आई उभी होती, हातात वही. तिच्या बाजूला मामा. मामा दोन्ही हातांनी कट्टा असा धरून उभे होते की जणू तो पडेल.

चार वाजले. झेंडा खाली आला. पहिली मोठी गाडी गर्जत रेघेवरून गेली आणि सगळं स्टँड उठून उभं राहिलं. हिरव्या गाडीनं एक ढेकर दिली आणि निघाली. सोलांजनं स्टार्टर दाबला.

इंजिन फिरलं. पेटलं नाही.

पुन्हा. फिरलं, नुसतंच फिरलं, सळसळलं. दाब उरलाच नव्हता, पाणी सिलिंडरमध्ये जाऊन बसलं होतं. तिसऱ्यांदा. चार वाजून दोन मिनिटं. लोक ओरडत होते, काय ओरडत होते कळत नव्हतं. चार आठनंतर सगळं व्यर्थ. तिच्या डोळ्यात पाणी आलं, आणि त्याचा तिला राग आला. पाणी नेमकं जिथं नको तिथंच का येतं?

मग तिला ट्रंक आठवली.

गाडीच्या स्वतःच्या बळावर. बॅटरी गाडीचीच. तिनं पहिला गियर टाकला, क्लच सोडला आणि स्टार्टर दाबून धरला. गाडी आधी नुसती थरथरली. मग एक हिसका बसला. मग दुसरा. दाब नसलेलं इंजिन स्टार्टरला अडवत नव्हतं, आणि मामांची चौदा किलो जास्तीची बॅटरी, जिच्यावर अख्ख्या वसंतात सगळ्यांनी विनोद केले होते, तीच आता थकलेली गाडी पाठीवर घेऊन एक एक पाऊल पुढे टाकू लागली. स्टार्टरचा आवाज म्हणजे हमालाचं कण्हणं. वीस पावलं. तीस. आवाज मंदावला. सोलांज खुर्चीत पुढे झुकून गाडीशीच बोलत होती, "चल ग, चल ग, मामांची शपथ!"

पुढची चाकं रेघेवर गेली. मग मागची. मग बॅटरी संपली.

*

ओर्तांसनं वेळ लिहिली : चार वाजून पाच मिनिटं बारा सेकंद. लिहून झाल्यावरच तिनं दोन्ही पेन्सिली खाली ठेवल्या.

पिशावां शांतपणे चालत गाडीपाशी गेले, रेडिएटरच्या टोपणावरचं सील अंगठ्यानं चाचपलं, मग दुसऱ्या पंचाशी काहीतरी बोलले. परत आले तेव्हा त्यांनी दंडावरची पट्टी सोडायला घेतली होती.

"सील शाबूत आहे. कोणी हात लावलेला नाही, बॅटरी गाडीत बसवलेलीच आहे. सोळावा क्रमांक, मादाम. अभिनंदन." पट्टीची घडी घालत ते म्हणाले, "आणि मस्यू गास्पार, मी अडीच वाजता झोपलो नव्हतो. डोळे मिटले की मला नीट ऐकू येतं."

गास्पारचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हसू लागला, आणि हसता हसता धावतच सोलांजकडे गेला. तिला गाडीतून उचलून बाहेर काढताना तो सारखा म्हणत होता, "ट्रंक म्हणतेस काय ग? ट्रंक म्हणतेस?" एतिएन त्या दोघांना मिठी मारायच्या नादात चाकाला अडखळून पडला.

साडेचारला मस्यू लॉर्मियर आले. पांढरी टोपी, चामड्याची बॅग, तोंडावर ओठांपुरतं हसू. त्यांनी बॅगेतून कागद काढले आणि टेबलावर रियेतच्या बरणीशेजारी ठेवले. अन्सेल्मनी आतल्या खिशातून पेन काढलं. लॉर्मियरनी समाधानानं कागद त्यांच्याकडे सरकवले.

"आधी इकडे," ओर्तांस म्हणाली.

तिनं कागद बाजूला केले आणि त्यांच्या जागी वही ठेवली. आजची नव्हे. तिच्या पिशवीच्या तळाशी दर वर्षी येणारी आणि कधीच न उघडलेली, कोपरे झिजलेली चौतीस सालची. तिला पान शोधावं लागलं नाही.

"तोंडी सांगितलंत, पपा. तोंडी सगळेच सांगतात. इथं लिहून द्या."

म्हातारबुवांनी पानाकडे पाहिलं. रेमीच्या फेऱ्या उभ्या रांगेत लिहिलेल्या होत्या, बारीक स्वच्छ अक्षरात, आणि चोविसाव्यावर थांबल्या होत्या. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहिलं : 'चोवीस झाल्या होत्या. ओर्तांसनं बरोबर मोजल्या. सील मी तोडलं.' मग त्यांनी खाली सही केली, पूर्ण नाव, कारखान्याच्या कागदांवर करत तशी, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून.

"रेमीसाठी तर आता उशीर झाला," ते म्हणाले.

"हो," ओर्तांस म्हणाली. ती त्यांना सोपं करून द्यायला तयार नव्हती. पण तिनं त्यांच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि ते आपल्या पिशवीत टाकलं, आणि ते परत मागायची हिंमत अन्सेल्म तेर्नोंना झाली नाही. तिच्या छातीवरचा दगड अठरा वर्षांनी हलला होता. अगदी गेला नव्हता, पण हलला होता, आणि तिला एकदम खूप भूक लागल्याचं जाणवलं.

"मला काही समजलं नाही," लॉर्मियर म्हणाले. "सही..."

"झाली सही," गास्पार म्हणाला. त्यानं पॅरिसचे कागद नीट जुळवून त्यांच्या हातात दिले. "आमच्या घरची होती, मस्यू. तुमच्या कागदांचं ठरवणं आता माझ्या बहिणीकडे आहे, आणि पेनही तिच्याकडेच. सोमवारी विचारून बघा. पण मला विचाराल, तर तुम्ही पॅरिसची आगगाडी चुकवू नका."

ओर्तांसनं भावाकडे पाहिलं. सकाळपर्यंत ज्याला ही कंपनी गळ्यातलं लोढणं वाटत होती, तो गाडीकडे अशा नजरेनं बघत होता की जणू ती त्यानंच घडवली आहे. आणि बॅटरीपुरतं तर ते खरंच होतं.

"पुढच्या वर्षी ट्रंक ठेवायची," तो पुटपुटला. "पण हेड गॅस्केट बदलावं लागेल. एतिएन, लिहून घे."

लॉर्मियर टोपी हातात घेऊन निघून गेले. बोर्दिए मेस्त्रींनी सायडरची बाटली उघडली आणि अर्धी शर्टावर सांडली. सोलांज बूट काढून जमिनीवर बसली होती, पाव दोन्ही हातांनी धरून खात होती. टोपलीत कोंबडी होती, चीज होतं, सकाळपासून कोणी हात न लावलेलं.

गास्पार टोपलीशी वाकला, ताटांची चळत बाहेर काढली, आणि सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं. 

"ओर्तांस," त्यानं विचारलं, "किती जण आहोत आपण?"

ओर्तांसनं नजर फिरवली. पपा, सोलांज, एतिएन, मेस्त्री, गास्पार, स्वतः ती. आणि घरी जायला निघालेले, पण सायडरकडे बघून घोटाळणारे पिशावां.

"सात."

"सात तर सात," गास्पार म्हणाला, आणि त्यानं ताटं मांडली, परत न मोजता.